सिकलसेलच्या मुलाचे अवयव नीट आहेत का, हे दरवर्षी कसं तपासून घ्यायचं

मुलाला दुखायला लागलं की आपण सगळेच धावतो, पण सिकलसेलमध्ये सगळ्यात मोठं नुकसान होतं ते न दुखता. किडनी दुखत नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून अरुंद होत चालली तरी पोरगं शाळेत जातंय, खेळतंय, जेवतंय, घरात कुणाला काही कळत नाही. पानथरी, म्हणजे स्प्लीन, तर बऱ्याच मुलांची पहिल्या चार-पाच वर्षांतच कामातून जाते. म्हणून "यंदा एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही, म्हणजे सगळं छान आहे" असं धरून चालू नका, तपासण्या कराव्याच लागतात आणि त्या ठरलेल्या वयात, मूल बरं असताना कराव्या लागतात. ते कसं जमवायचं तेच इथे लिहितेय.

मी मूळची वर्ध्याची, मिस्टरांची नोकरी इकडे गोकुळ शिरगावला, मुलगा एसएस पॅटर्नचा (म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेला), आता पाचवीत आहे. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल म्हटलं की आशाताईंना पण लगेच कळतं, इथे कोल्हापुरात डॉक्टर चांगले, हॉस्पिटलं भरपूर, पण हा आजार त्यांच्यासमोर रोज येत नाही, आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदिया-भंडारा-नागपूरकडून कामाला आलेली, बदली होऊन आलेली आमच्यासारखी घरं इथे आहेतच की. अशा ठिकाणी कुठली तपासणी कधी लागते हे आईबापालाच माहीत असलेलं बरं, म्हणजे ओपीडीत आपण स्वतःहून विचारू शकतो. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण कुठल्या वयात काय बघायचं याचे नियम साधारण ठरलेले आहेत आणि ते समजायला अवघड नाहीत.

आधी थोडक्यात कारण सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, आपल्या मुलांची १० ते २० दिवसांत फुटते. एक तर विळ्यासारखी वाकडी झालेली पेशी बारीक नसांमध्ये अडकते, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, दुखतं ते त्यामुळे. आणि दुसरं म्हणजे फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं फिरतं आणि नसांच्या आतलं अस्तर खराब करतं, हे रोज चालू असतं, दुखत असो नसो. डोळे पिवळट दिसतात तेही पेशी फुटत असल्यामुळेच.

बऱ्या दिवसाचे आकडे लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे आणि याला मोठं मशीन लागत नाही. मूल बरं असताना, म्हणजे ताप नाही, दुखणं नाही, नुकतं ॲडमिट झालेलं नाही, रक्त लावून तीन महिने उलटलेत, अशा दिवशीचे त्याचे आकडे काढून ठेवायचे. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), रेटिक काउंट (नव्याने बनलेल्या लाल पेशी), बिलिरुबिन आणि एलडीएच (पेशी किती फुटतायत ते), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवी, बोटाला लावून बघतात ते ऑक्सिजन, बीपी, उंची, वजन, आणि पानथरी बरगडीच्या खाली किती बोटं लागते ते. पुस्तकातला नॉर्मल आकडा आपल्या मुलाला लागू होत नाही, त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा हाच त्याचा नॉर्मल.

उदाहरण सांगते. समजा मुलाचं नेहमीचं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ८ आहे. रात्री तापासाठी नवीन ठिकाणी नेलं, तिथे ८ बघितलं की कुणीही घाबरणार आणि रक्त लावू म्हणणार. पण तुमच्याकडे कागद असेल की वर्षभर ८ च आहे, तर ते दुसरीकडे कारण शोधतील. उलट ८ वरून ५.५ आलं तर ती खरी इमर्जन्सी, मग रेटिक बघायचं, रेटिक खूप कमी म्हणजे हाडातला मगज पेशी बनवायचाच थांबलाय (पार्व्हो नावाच्या व्हायरसमुळे असं होतं), रेटिक जास्त आणि पोट फुगलेलं म्हणजे रक्त पानथरीत साठतंय. दोन्हीचा उपचार लगेच लागतो, पण आधीचा आकडाच माहीत नसेल तर किती घसरलं हे कसं सांगणार?

फाइल साधी ठेवा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पॅटर्न (एसएस, की एस-बीटा थॅलेसेमिया म्हणजे एका बाजूने सिकलसेल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमियाचं जनुक), ब्लड ग्रुप, नेहमीचं एचबी, नेहमीचा ऑक्सिजन, पानथरी किती, शेवटचं रक्त कधी लावलं, चालू औषधं, ॲलर्जी. मागे तारखेप्रमाणे रिपोर्ट. त्या पानाचा फोटो आईच्या, बाबांच्या, आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये पण ठेवा, कारण शाळेतून फोन येतो तेव्हा फाइल घरी असते. एचपीएलसीचा (रक्तात कुठलं हिमोग्लोबिन किती आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) मूळ रिपोर्ट हरवू देऊ नका, आणि ती तपासणी अजून झाली नसेल तर रक्त लावायच्या आधी करा, दुसऱ्याचं रक्त अंगात असताना केली तर रिपोर्ट गोंधळात टाकतो. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार की फक्त वाहक हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतेच.

मेंदू: टीसीडी, २ ते १६ वर्षं, दरवर्षी

ही तपासणी आपल्याकडे सगळ्यात जास्त राहून जाते आणि हीच सगळ्यात जास्त वाचवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिकलसेलमध्ये लहान मुलांना पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो, अगदी चार-पाच वर्षांच्या मुलालाही. टीसीडी म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर, कानशिलावर जेल लावून सोनोग्राफीसारखा प्रोब ठेवतात आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधून रक्त किती वेगात जातंय ते मोजतात. सुई नाही, रेडिएशन नाही, अर्ध्या-पाऊण तासात होतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी कसं जोरात उडतं, तसं नस अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो.

सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या खाली असेल तर ठीक, पुढच्या वर्षी परत. १७० ते १९९ मध्ये असेल तर लवकर परत करायची, किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील. २०० किंवा वर आला तर साधारण दोन आठवड्यांत परत करून खात्री करतात आणि खरंच तेवढा असेल तर दर महिन्याला रक्त लावायचं सुरू करतात. हे कुणी मनाने ठरवलेलं नाही. अमेरिकेत स्टॉप नावाचा अभ्यास झाला, १९९८ मध्ये छापून आला, टीसीडीमध्ये वेग जास्त आलेली १३० मुलं घेतली होती, अर्ध्यांना नियमित रक्त, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ मुलांना झटका आला, रक्त लावलेल्या गटात फक्त एकाला. फरक एवढा दिसला की अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांना रक्त देऊ केलं. नंतर २०१६ मध्ये ट्विच नावाचा अभ्यास आला, त्यात दिसलं की किमान वर्षभर रक्त लावून झाल्यावर आणि एमआरएमध्ये (मेंदूच्या नसा दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) नसा फार खराब नसतील तर काही मुलांना हळूहळू हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर (त्याबद्दल पुढे लिहिलंय) आणता येतं. दर महिन्याला रक्त म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरी चालू आहे त्यांनाच माहीत, त्यामुळे ही बातमी फार मोठी होती.

करून घेताना काय सांभाळायचं: मूल जागं पाहिजे आणि शांत पाहिजे, झोपेत किंवा रडताना वेग बदलतो, म्हणून झोपेचं औषध देऊन करू नका. ताप असताना, दुखणं चालू असताना, नुकतं रक्त लावलेलं असताना पण नाही. मोबाइलवर कार्टून लावून द्या, बहुतेक मुलं छान पडून राहतात. चिठ्ठी बरोबर लिहून घ्या, कारण गळ्याचा कॅरोटिड डॉपलर वेगळा, तो करून आलात तर परत सगळा खर्च. रिपोर्टमध्ये सरासरी मॅक्सिमम वेग लिहिलेला पाहिजे, नुसता पीक सिस्टोलिक (ठोक्याच्या वेळचा सगळ्यात जास्त वेग) आकडा असेल तर तो १७०-२०० शी लावून बघता येत नाही. आणि सोनोग्राफीच्या इमेजिंग मशीनवर केली तर आकडे थोडे कमी येतात, हे रेडिओलॉजिस्टना माहीत असतं, तरी सिकलसेल असल्याचं आधी फोनवर सांगूनच अपॉइंटमेंट घ्या आणि लहान मुलांची टीसीडी करता का हे विचारा. राजारामपुरी-शाहूपुरीत डायग्नोस्टिक सेंटरं भरपूर आहेत, पण सगळीकडे ही होईलच असं नाही. नाही जमलं तर पुणे, एका दिवसात जाऊन येता येतं आणि वर्षातून एकदाच जायचंय.

यात न पकडला जाणारा एक प्रकार आहे, त्याला सायलेंट इन्फार्क्ट म्हणतात. मेंदूचा बारीकसा भाग मरतो, हात-पाय वाकडे होत नाहीत, बोलणं अडखळत नाही. अठराव्या वर्षापर्यंत एसएसच्या तिनातल्या एकापेक्षा जास्त मुलांमध्ये हे एमआरआयला दिसतं. घरी काय दिसतं? पाढे येत होते ते विसरतो, वर्गात लक्ष लागत नाही, लिहायला वेळ लागतो, मार्क घसरतात. आपण म्हणतो आळशी झाला, मोबाइल बघतो. म्हणून शाळेत जायच्या वयात, मूल भूल न देता एमआरआय मशीनमध्ये स्थिर पडू शकेल तेव्हा एकदा तरी मेंदूचा एमआरआय करावा असं आता सांगतात. दरवर्षीची प्रगतीपुस्तकंही फाइलमध्ये लावा, मी लावते, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

किडनी

किडनीवर पहिला परिणाम होतो तो लघवी घट्ट करायच्या ताकदीवर, आणि तो खूप लहानपणीच होतो. म्हणून आपली मुलं पाणी जास्त पितात, सारखी लघवीला जातात, आठ-दहा वर्षांची झाली तरी रात्री अंथरूण ओलं करतात. हा त्यांचा दोष नाही. कृपा करून त्यासाठी ओरडू नका आणि रात्रीचं पाणी तोडू नका, पाणी कमी पडलं तर पेशी अजून वाकड्या होतात. प्लास्टिक अंथरा, रात्री एकदा उठवा. शाळेत बाईंना चिठ्ठी द्या की याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या आणि मागेल तेव्हा बाथरूमला सोडा, डॉक्टरांच्या सहीची असेल तर शाळा पटकन ऐकते.

दुसरा टप्पा म्हणजे लघवीतून प्रोटीन जायला लागतं. यासाठी दहाव्या वर्षापासून दरवर्षी एसीआर नावाची तपासणी, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात, ३०० च्या वर म्हणजे बरंच जातंय. सकाळची उठल्या उठल्याची पहिली लघवी न्या, कारण दिवसभर उभं राहून, पळून काही मुलांचं थोडं प्रोटीन तसंही जातं. आदल्या दिवशी मोठी मॅच खेळलाय, ताप आहे, मुलीची पाळी चालू आहे, अशा वेळी नको. एकदा जास्त आली म्हणून लगेच घाबरायचं नाही, परत करून बघतात, पण परत जास्त आली तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचं, कारण या टप्प्यावर औषधाने ती गळती कमी करता येते.

आणि हे नीट वाचा, क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणजे किडनी चांगली असं आपल्या मुलांमध्ये म्हणता येत नाही. लहानपणी यांची किडनी जास्त जोरात गाळत असते, त्यामुळे क्रिएटिनिन उलट कमीच येतं, ०.३-०.४ असं. ते ०.३ वरून ०.७ झालं तर लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मलच लिहून येईल पण तुमच्या मुलासाठी ते दुपटीपेक्षा जास्त झालेलं आहे. बीपीचं पण तसंच, सिकलसेलच्या मुलांचं बीपी बाकीच्यांपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून इतरांना चालणारा आकडा यांच्यासाठी जास्त असू शकतो. म्हणूनच बऱ्या दिवसाचे आकडे लिहा असं वर एवढं सांगत होते.

किडनीला आपण स्वतः त्रास देतो तो पेनकिलरने. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, गल्लीतल्या दवाखान्यात मिळणारं कमरेतलं इंजेक्शन, हे सारखं सारखं झालं की किडनीवर जातं, त्यात उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी झालेलं असेल तर आणखीच वाईट. दुखणं सहन करायला लावा असं मी अजिबात म्हणत नाही, पोराला दुखत असेल तर औषध द्यायलाच पाहिजे. पण कुठलं, किती, किती दिवस हे एकदा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तेवढंच द्या.

पानथरी घरी कशी बघायची

हे प्रत्येक आईला यायला पाहिजे, ओपीडीत डॉक्टरांना सांगा की मला हात लावून शिकवा, पाच मिनिटं लागतात. मुलाला पाठीवर झोपवायचं, गुडघे थोडे वाकवायचे म्हणजे पोट सैल पडतं. आपली बोटं बेंबीच्या खाली उजव्या बाजूपासून सुरू करून तिरकी डाव्या बरगडीकडे न्यायची, हळूहळू, मुलाला मोठा श्वास घ्यायला सांगायचं, श्वास घेताना पानथरीची कड बोटांना येऊन टेकते. एकदम बरगडीपाशी सुरुवात केली तर खूप वाढलेली पानथरी हाताखालीच असते आणि कड सापडत नाही. जोरात दाबायचं नाही. बरगडीच्या खाली किती बोटं लागली ते लिहा. आठवड्यातून एकदा, आणि ताप असेल किंवा मूल मलूल वाटत असेल तर रोज.

आपल्याकडच्या मुलांमध्ये पानथरी बऱ्याच वर्षांपर्यंत मोठी राहते, त्यामुळे दोन बोटं लागते म्हणून घाबरू नका, काल दोन होती आज चार आहे आणि ओठ पांढरे पडलेत, तर त्याच मिनिटाला निघा.

पानथरी काम करत नसेल तर न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तभर पसरतात. म्हणून पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन. १९८६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात याने असं गंभीर इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, इतकं स्वस्त औषध आणि इतका फायदा दुसरा क्वचितच सापडेल. लसी चुकवू नका: न्यूमोकोकल सरकारीत मिळते, पण आपल्या मुलांना त्याच्या पुढचे डोस, मेनिंगोकोकल, टायफॉइड, दरवर्षीची फ्लू याबद्दल बालरोगतज्ज्ञांना वेगळं विचारावं लागतं. आणि १०१.३ फॅरनहाइट, म्हणजे ३८.५ सेल्सिअसच्या वर ताप गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, पाऊस असो, रात्रीचे दोन असोत, थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिथे बालरोग विभाग चोवीस तास चालू आहे तिथे. पावसाळ्यात इथे डेंग्यू-टायफॉइड असतंच, त्यामुळे "व्हायरल असेल" म्हणून सोडून द्यायचा मोह होतो, सोडू नका.

बाकीचं

फुप्फुस: वेगळी वार्षिक टेस्ट लागत नाही, पण घरी ऑक्सिमीटर ठेवा, मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटाला लावू नका. नेहमी ९७ असतो तो ९४ झाला आणि सोबत ताप, खोकला, छातीत दुखणं असेल तर लगेच न्या, ॲक्युट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमध्ये होणारा न्यूमोनियासारखा फुप्फुसाचा गंभीर त्रास) असू शकतो आणि तो एका रात्रीत वाढतो. ॲडमिट असताना, छाती-पाठ दुखत असेल तेव्हा, तीन गोळ्यांचं ते फुंकणीसारखं स्पायरोमीटर असतं ना, त्यातून जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा श्वास आत ओढायचा, मुलाच्या मागे लागून करून घ्या. घोरतो किंवा धाप लागते का हेही डॉक्टरांना सांगा.

डोळे: दहाव्या वर्षापासून, दरवर्षी किंवा एक वर्षाआड, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा तपासायचा. चष्म्याच्या दुकानातला नंबर म्हणजे ही तपासणी नव्हे.

खुबा: जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय, लंगडतोय, मांडी घालून बसता येत नाही, आणि हे क्रायसिस (सिकलसेलच्या दुखण्याचा झटका) गेल्यावर पण राहिलं, तर खुब्याचा एक्सरे, सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही म्हणून कधीकधी एमआरआय. लंगडणाऱ्या पोराला मालिश करणाऱ्याकडे नेऊ नका.

हृदय: काही त्रास नसलेल्या मुलाचा दरवर्षी टूडी इको करायची गरज नाही असं आताचे नियम सांगतात, दम लागणं, चक्कर, पाय सुजणं असेल तर करायचा. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी पण तशीच, उजव्या बाजूला दुखणं किंवा कावीळ अचानक वाढली तर. हे पैसे वाचवून टीसीडीला लावा असं मी तरी म्हणेन.

उंची-वजन दर तीन-सहा महिन्यांनी. आपली मुलं किरकोळ असतात, वयात उशिरा येतात, आणि इथे शेजारीपाजारी प्रेमानेच म्हणतात, "पोरगं वाळलंय की ओ, तालमीत घाला." खेळू द्या, पण मध्येमध्ये पाणी आणि विश्रांती पाहिजे, जोर-बैठकांची दमछाक आणि विहिरीत गार पाण्यात उड्या नकोत, पन्हाळ्याला पावसात गेलात तर कोरडे कपडे आणि स्वेटर सोबत. मुलग्यांना लघवीच्या जागी ताठरपणा येऊन तासन्‌तास दुखू शकतं, लाजेने सांगत नाहीत, त्यांना आधीच सांगून ठेवा की असं झालं तर लगेच बोलायचं.

हायड्रॉक्सीयुरिया आणि आयर्न

हायड्रॉक्सीयुरियाने बाळातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, वाढतं आणि पेशी वाकड्या कमी होतात. एसएसच्या मुलांना नवव्या महिन्यापासून देता येतं. बेबी हग नावाच्या अभ्यासात, २०११ मध्ये छापून आलेल्या, ९ ते १८ महिन्यांची १९३ बाळं दोन वर्षं बघितली, मुद्दाम पानथरी आणि किडनी वाचते का हेच मोजायला. त्या दोन मोजमापांत ठाम फरक दिसला नाही, पण औषध घेणाऱ्या बाळांना दुखणं, हातापायाची सूज, ॲडमिट होणं, रक्त लावणं हे सगळं बरंच कमी झालं. हे प्रामाणिकपणे सांगते, कारण औषध चालू आहे म्हणून तपासण्या बंद, असं व्हायला नको. सीबीसी डॉक्टर सांगतील तशी करत राहायची, पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर डोस थांबवावा लागतो.

एचबी कमी आहे म्हणून शाळेतून किंवा मेडिकलमधून आणलेली आयर्नची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका, ज्यांना बऱ्याचदा रक्त लागलंय त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असतं, ते लिव्हर आणि हृदयात साठतं, त्यांचं फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय त्याचा आकडा) बघतात. फॉलिक ॲसिड वेगळं, ते डॉक्टर देतात.

"तुमच्या मुलाला अभ्यासात घेऊ का?" असं विचारलं तर

मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत, किंवा मुंबईला आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) परळच्या संस्थेत, चंद्रपूरच्या केंद्रात गेलात तर हा प्रश्न कधीतरी येऊ शकतो. लगेच नाही म्हणू नका, वर सांगितलेलं सगळं कुणीतरी आपल्या मुलाला अभ्यासात दिलं म्हणूनच कळलंय, आणि भारतातल्या मुलांचा आजार आफ्रिका-अमेरिकेतल्या मुलांसारखाच तंतोतंत वागत नाही, त्यामुळे आपल्या मुलांचे आकडे आपल्याकडेच गोळा व्हायला पाहिजेत. पण सही करायच्या आधी बसून विचारा.

पहिलं, हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे आमचे रिपोर्ट लिहून ठेवणार, की नवीन औषध देऊन बघणार? दोन्हीत फार फरक आहे. एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आहे का, नंबर मागा, वेबसाइटवर कुणीही बघू शकतं. नेहमीपेक्षा जास्तीचं किती रक्त काढणार, किती वेळा, आणि नेहमीच्या सॅम्पलमध्येच जमवता येईल का. फक्त अभ्यासासाठी भूल देऊन एमआरआय करणार का. जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, काही त्रास झाला तर उपचार कोण करणार. रक्त साठवून पुढे जनुकांच्या तपासणीला वापरणार असतील तर त्याची परवानगी वेगळी असते, त्याला नाही म्हणून बाकीच्याला हो म्हणता येतं. नाव कुठे कुठे जाणार हेही विचारा, मुलगी असेल तर घरचे लग्नाचा विचार आधी करतात, ती भीती खरी आहे आणि बोलून दाखवायला हरकत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तपासणीत काही वाईट सापडलं तर आम्हाला कधी सांगणार? टीसीडीचा वेग २१० आला आणि तो आकडा वर्षभर कॉम्प्युटरमध्ये पडून राहिला, तर काय उपयोग. रिपोर्ट लगेच आमच्या हातात आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मिळेल असं फॉर्मवर लिहून घ्या. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचायला एक-दोन दिवस मागा, सहीची एक प्रत आपल्याकडे ठेवा. मध्येच बाहेर पडायचा हक्क आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होऊ शकत नाहीत.

मूल सात वर्षांच्या वर असेल तर त्यालाही विचारणं नियमात आहे, सात ते बारा तोंडी, बारा ते अठरा लेखी. ते फक्त कागदापुरतं ठेवू नका. किती वेळा टोचणार, किती वेळ पडून राहायचं, शाळा बुडणार का, हे त्याला त्याच्या भाषेत खरं खरं सांगा. तो म्हणाला की डॉपलर चालेल, लघवी पण देईन, पण जास्तीची सुई नको, तर अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना तसंच सांगा, तेवढ्यापुरतं घेता येतं का विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या अभ्यासाची वाट बघायची, तोपर्यंत त्याची वर्षाची टीसीडी आणि लघवी आपली आपण करून घ्यायचीच आहे.